तीन कोसांवरून आलेला कागद

उकर्ड्या,

तुझं कागदाशी कधी जमलं नाही, आणि मी पुन्हा कागदच घेऊन बसलोय. हसशील तू. "बापू, तुमचे हात रिकामे राह्यतच नाई काय हो?" म्हणशील. नाही राहत. काल तुझ्या घरून आलो तेव्हापासून तोंडातून धड शब्द निघत नाही. बायको दोनदा विचारून गेली, पान वाढू का म्हणून. तिला काय सांगू? जे सांगायचंय ते तुला सांगायचंय, आणि तू तर नदीकाठी राख होऊन बसलास. भिऊ नकोस, हा कागद कोणाच्या गाडीतून तुझ्या घरी जाणार नाही.

तू कसा गेलास, ताप किती दिवस होता, शेवटी कोणाचं नाव घेतलंस, ते सगळं गाव सांगतंय. ते मी लिहीत नाही. मी माझ्या लाजेचं लिहितो. ती तुझ्याइतकी दुसऱ्या कोणाला कळायची नाही.

तुझ्याआधी तुझ्या मायची तीन लेकरं गेली होती. म्हणून तू जन्मलास तसं तुला उकिरड्यावर ठेवून परत उचललं, की हे टाकून दिलेलं पोर आहे, याच्याकडे मरणानं बघू नये. नावही तेच ठेवलं. आमच्या घरात गावचं दप्तर, माझे बाबा गावचे पांडे, आणि तू कुणब्याचा. पण नदीत म्हशीच्या पाठीवर बसलं की कुठला पांडे नि कुठला कुणबी! तू मला इन्या म्हणायचास. विनायक हे नाव तुझ्या जिभेला कधी पेललंच नाही. पोहायला तूच शिकवलंस, तेही पाठीत लाथ घालून. मी नाकातोंडात पाणी जाऊन रडायला लागलो तेव्हा काठावर बसून खदाखदा हसलास, आणि घरी जाताना तुझं कोरडं धोतर मला नेसवून स्वतः ओल्या लंगोटीत गेलास.

मग मी नागपूरला मामाकडे राहिलो, पाद्र्याच्या शाळेत इंग्रजी शिकलो, परत आलो तो अकोल्याला साहेबाचा दुभाषा होऊन. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे आपल्या कापसाला कोण भाव आला! पातूरच्या वाटेवर गाड्यांची रांग संपेना. साहेबाला शेतकऱ्याची बोली कळेना, शेतकऱ्याला साहेबाची, मध्ये मी. डोक्यावर पगडी चढली आणि पगडीच्या आत काय काय चढलं ते देव जाणे. एके दिवशी भर बाजारात तू समोर आलास आणि म्हणालास, "रामराम बापू. कसे आहा तुमी?"

मला त्याच वेळी खटकायला हवं होतं. 'बापू काय म्हणतोस रे गाढवा' असं म्हणून पाठीत धपका घालायला हवा होता. पण खरं सांगतो, बरं वाटलं मला. शेजारी पेढीचा मुनीम उभा होता, म्हणून जरा जास्तच बरं वाटलं. तू वाट पाहिलीस एक क्षण, मी अडवतो का ते. मी अडवलं नाही. त्यानंतर तू कधी मला इन्या म्हणाला नाहीस.

आणि तरी अकोल्याला माझ्या घरी बाबा गेले तेव्हा तू आलास. तुला कोणी सांगावा धाडला नव्हता. कोणाच्या तरी तोंडून कळलं आणि तू गाडी जुंपलीस. गाडीत गोवऱ्या आणि बाभळीची लाकडं. तुला वाटलं, अकोल्यात लाकडं मिळतात की नाही कोण जाणे! तू पोचलास तोवर बाबांची राखही निवली होती. तू काही बोलला नाहीस. लाकडं परसात नीट रचलीस आणि येऊन ओट्यावर बसलास, पागोटं मांडीवर घेऊन. तीन दिवस बसलास. बैलांना वैरण घालायला उठायचास, विहिरीचं पाणी शेंदून दाराशी ठेवायचास, पुन्हा येऊन बसायचास. मला त्या बसण्याचा राग यायला लागला. मी एकदा खेकसलोच, "अरे, काहीतरी बोल की!"

तू मान वर करून पाहिलंस. "काय बोलू? बोलाले आलो काय मी?"

चौथ्या दिवशी सकाळी ओटा रिकामा होता. सुतकाच्या घरून उठताना 'येतो' म्हणायचं नसतं. म्हटलं की ते मरण ऐकतं आणि तेच परत येतं, असं आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण तेव्हा मनात आलं, काय हा रांगडा माणूस! बालमित्राचा बाप गेला, दोन शब्द बोलला नाही, आणि जाताना सांगूनही गेला नाही.

पुढच्या वर्षी साहेबाची आई वारली, विलायतेत. त्याला ते कित्येक आठवड्यांनी कळलं. मग पत्रं यायला लागली, काळ्या काठाची. साहेब एकेक पत्र उघडायचा, वाचायचा, खिडकीशी जाऊन उभा राहायचा. एकदा त्यानं मला दोन-तीन वाचायला दिली. म्हणाला, इंग्रजी शिकायचं तर हे शीक. याला आम्ही सिंपथी म्हणतो. दुसऱ्याचं दुःख आपल्याला होणं, आणि ते त्याला शब्दांत कळवणं. काय वाक्यं होती, उकर्ड्या! 'तुमच्या या घोर प्रसंगी माझं मन तुमच्यापाशी आहे.' 'शब्द अपुरे आहेत, तरी ते स्वीकारावेत.' मी सगळी वहीत उतरवून घेतली.

तू कापूस घालायला आलास तेव्हा मी तुलाही ती वही दाखवली होती. आठवतं? गाडीखाली सावलीत बसून तू भाकरी खात होतास आणि मी इंग्रजी वाक्यं म्हणून त्यांचा अर्थ सांगत होतो, पुराणिकबुवासारखा. म्हणालो, "बघ, किती सुधारलेले लोक आहेत! आपले लोक जातात आणि दगडासारखे बसतात."

तू मिरचीचा तुकडा मोडलास. "दुख झालं असं लिवून धाडते?"

"हो."

"मंग खरंच झालं की नाई, थे कसं समजते?"

"अरे, लिहिलंय म्हणजे झालंच असणार!"

"असन बाप्पा," म्हणालास आणि भाकरी संपवलीस. मी तुला अडाणी समजलो.

आता तुझ्या लेकीचं, सारजाचं. हे लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

सात वर्षांची असेल नाही ती? मी गावाला आलो की माझी पगडी पळवायची, गोऱ्ह्याच्या डोक्यावर ठेवायची आणि "साह्येब आला, साह्येब आला" म्हणून अंगणभर ओरडत सुटायची. गिरजा वैनी तिला रागवायची आणि तू तोंड फिरवून हसायचास. मला राग यायचा तो पगडीचा. ती पुन्हा कधी पगडी पळवणार नाही, हे मला गोविंदा गाडीवानानं सांगितलं. सकाळीच आला होता तो तुमच्या गावचा कापूस घेऊन. गाडी सोडायच्या आत म्हणाला, "बापू, उकर्ड्याची सारजा गेली. पटकीनं. परवा."

मी साहेबाकडे गेलो. साहेबानं लगेच सांगितलं, जा, दोन दिवस राहून ये. ऐकतोस ना? साहेबानं मला सोडलं होतं. मी लोकांना नंतर सांगत फिरलो की हंगाम होता, सुटी मिळाली नाही. कोणाला सांगितलं की गावात पटकी होती, घरी लेकरंबाळं आहेत. दोन्ही खोटं. भीती वाटली होती हे खरं, पण भीतीनं मी थांबलो नाही. त्या दिवशी दुपारी उमरावतीहून मोठा साहेब यायचा होता आणि आमचा साहेब म्हणाला होता की त्याच्याशी तुझी गाठ घालून देईन. तेवढ्यासाठी थांबलो. माझ्यासारख्या पाच-पन्नास माणसांकडे बघून विसरून जाणाऱ्या एका साहेबानं माझ्याकडे बघावं, म्हणून.

आणि थांबल्याची टोचणी लागली म्हणून मी तुला कागद लिहिला.

नुसता लिहिला नाही, घडवला. वही काढली. 'आपल्या कन्येच्या निधनाचे वृत्त ऐकून माझे अंतःकरण विदीर्ण झाले आहे. या घोर प्रसंगी माझे मन आपणापाशी आहे.' तुला 'आपण' म्हणालो रे मी! विदीर्ण हा शब्द बरोबर वाटतो का म्हणून दोनदा खोडून पुन्हा लिहिला. शेवटी इंग्रजी रीतीप्रमाणे भेटीची आशा दाखवली : 'लवकरच येतो.' तेवढ्यात दोघे साहेब आले. आमच्या साहेबानं विचारलं, काय लिहितोस? मी उभा राहून ते पत्र इंग्रजीत वाचून दाखवलं. अडखळलो नाही कुठे. मोठ्या साहेबानं मान डोलावली, म्हणाला, शाबास, या मुलखात असं मन असलेला माणूस मिळेल असं वाटलं नव्हतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तुझ्या पोरीच्या मरणावर मी शाबासकी घेतली, उकर्ड्या.

गोविंदा कापूस उतरवून परत निघाला होता. त्याला हाक मारली आणि कागद दिला. गाडी रिकामी होती. पूर्ण रिकामी. दोन बैल, एक गाडीवान आणि तळाशी पसरलेला थोडा कडबा. गोविंदानं कागद कनवटीला लावला, मागं सरकून जागा केली आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं मी बसतोय. मी म्हणालो, "हाक गाडी."

पहिल्या आठवड्यात गेलो असतो तर फक्त उशीर झाला असता. महिन्यानं गेलो असतो तर चार शिव्या खाव्या लागल्या असत्या. मग दिवस जात गेले तशी जायचीच लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेला मी काम म्हणायला लागलो.

एकदा तू बाजारात दिसलास. मी तुला आधी पाहिलं आणि चक्क रुईच्या गाठींच्या आड झालो. मोठा माणूस, पगडीवाला, गाठींमागे दडून उभा! तू सरळ तिथेच आलास. वाळला होतास. "रामराम बापू," म्हणालास. मी काय विचारावं तुला? विचारलं, "माझं पत्र मिळालं ना?"

"भेटलं."

"मला फार... म्हणजे मला खरंच फार वाईट वाटलं रे. हंगाम होता ना, नाहीतर..."

"हाव. कापूस लय होता औंदा."

तू एवढ्यावर सोडत होतास, पण मला कुठे गप्प बसवतं! मी पुन्हा तेच दळण दळलं. साहेबलोकांत अशीच रीत आहे, साहेबाची आई वारली तेव्हाही सगळ्यांनी पत्रंच लिहिली, त्याचाही मोठा आधार असतो वगैरे. तू ऐकून घेतलंस. पागोटं काढून पुन्हा बांधलंस. मग शांतपणे म्हणालास, "साह्येबाचं बराबर हाय, बापू. त्याचे लोक समुद्राच्या पल्ल्याड. थे कागद नाई धाडतीन त काय करतीन? तुमी त अकोल्यातच होते."

आवाज चढवला असतास तर मला भांडता आलं असतं. तू बैलांचं जू बांधलंस आणि गेलास. त्यानंतर मी त्या वाक्याला मनातल्या मनात शंभर उत्तरं दिली. एकही लागू पडलं नाही. साहेबाच्या लोकांना मी नावं ठेवत नाही. ज्यांना तेवढंच करता येत होतं त्यांनी तेवढं मनापासून केलं, म्हणून तर तो खिडकीशी जाऊन रडत होता. मी त्यांचे शब्द घेतले आणि तीन कोस चालायचं टाळलं.

तू गेल्याचं काल सकाळीच कळलं. गोविंदानंच सांगितलं. मी साहेबाला विचारलंही नाही. पायीच निघालो. वाटेत सारखी भाषणं जुळवत होतो, मायला काय म्हणू, गिरजा वैनीसमोर कोणत्या तोंडानं उभा राहू. मराठीत जुळेना तर इंग्रजीत जुळवायला लागलो. बघ, अजून खोड गेली नाही.

माय ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. नात गेली, आता लेक गेला. मला वाटलं ओळखणार नाही. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "इन्या काय रे?"

"हाव, माय."

"बस मंग."

बसलो. तू जसा बसला होतास तसा, पगडी काढून मांडीवर घेतली. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. दुपार टळली, लोक आले, बसले, उठून गेले. कोणी 'येतो' म्हणालं नाही. शेवटी आम्ही दोघंच उरलो, तेव्हा माय आपणहून बोलायला लागली.

"थो तुह्या कागद आला होता नं बाबू, त आमाले वाटलं अजून कोनी मेलं. आमच्या घरी कागद येते तरी कायले? बाया छाती बडवाले लागल्या. गिरजा म्हने, माह्या भाऊच गेला. नव्या पांड्याले बलावलं. थ्यानं वाचला. मोठे मोठे शब्द. मी म्हनलं, कोन मेलं थे सांग नं बाप्पा! त थो म्हने, कोनी नाई, सारजाच मेली असं लिवलं हाय." मायनं पदर सारखा केला. "थे त आमाले ठाऊकच होतं रे."

मी मांडीवरची पगडी खाली ठेवली.

"अन् खाली लिवलं, येतो. सुतकाच्या घरी 'येतो' लिवते काय कोनी? पांड्याचा पोरगा असून तुले समजलं नाई? मी उकर्ड्याले म्हनलं, फाड थो कागद आताच्या आता, अन् आंघोय कर. आयकलं नाई थ्यानं. म्हने, नाई माय, इन्या येतो म्हनते त येईन. थो आल्यावर फाडू."

इन्या म्हणालास. माझ्या पाठीमागे, मायजवळ, तू मला इन्याच म्हणत होतास.

माय उठली. तिला उठवत नव्हतं, तरी भिंत धरून गोठ्यात गेली आणि वाशात हात घालून ते पत्र काढून आणलं. अशुभाचा कागद घरात ठेवू नये म्हणून तू गोठ्यात खोचला होतास. दीड वर्ष! मरणाचा कागद वाचला की फाडायचा, ही साधी रीत तू माझ्यासाठी दीड वर्ष मोडून ठेवलीस. उकिरड्यावरून उचललेला पोरगा तू, अशा गोष्टींना तुझी माय किती भीत असेल. आणि तरी रोज बैल बांधताना तुझ्या डोक्यावर तो कागद होता.

"घे," माय म्हणाली. "आला हाय त फाड आता."

धुरानं पिवळा झाला होता, कडेला वाळवीनं खाल्ला होता. अक्षर मात्र सुरेख होतं. विदीर्ण हा शब्द अजून नीट वाचता येत होता. मी तो अंगणात नेऊन फाडला. दोन तुकडे केले, चार केले, आणि मग मला हुंदका फुटला, तोही असा गावंढळ, मोठ्यानं, शेजारच्या बाया दारात आल्या असा. पाद्र्याच्या शाळेत असं रडायला शिकवत नाहीत. माय जवळ येऊन बसली. उगी म्हणाली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही, काही बोलली नाही. आपण दोघे ज्यावरून भांडत होतो ना, ते तिनं नुसतं बसून संपवलं.

विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या अंगानंच निघालो. उठताना सवयीनं ओठांवर तो शब्द आला होता. गिळला.

उद्या सकाळी गोविंदाची गाडी कापूस उतरवून परत जाणार आहे, रिकामी. मी त्याला मागं सरकून जागा ठेवायला सांगितलंय. मायला मात्र काही कळवलेलं नाही.